चार इंच मोकळी हवा

एअरगनपेक्षा मोठं हत्यार मी आयुष्यात विकत घेतलेलं नाही आणि यापुढे घेईन असंही वाटत नाही. तरीही हत्ती-रानरेड्यांच्या शिकारीच्या रायफलीवर कोणती दुर्बीण चढवावी, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. यात नवल काही नाही. ज्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही तिच्यावर ठाम मत असणं आपल्याकडे सुशिक्षितपणात जमा धरतात. फरक एवढाच, की या बाबतीत माझं मत बरोबर आहे.

याचं मूळ कॉर्बेटमध्ये. आमच्या पिढीत ज्याने ज्याने वाचनालयातून जिम कॉर्बेट घरी आणला, त्याला कुमाऊंमधल्या पायवाटा आपल्या गावच्या गल्ल्यांपेक्षा जास्त पाठ झाल्या. चौगडची वाघीण ११ एप्रिल १९३० रोजी मेली, हे मला अजून झोपेतसुद्धा सांगता येईल. कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची अंडी होती, उजव्या हातात .२७५ ची रिग्बी. खडकाला वळसा घालून त्याने मान वळवली तर वाघीण आठ फुटांवर, त्याच्याकडेच बघत बसलेली. अंडी न टाकता एका हाताने त्याने रायफल तसूतसूने फिरवली आणि बार काढला. वाघीण गेली, अंडी जिथली तिथे परत ठेवली गेली. त्या रायफलीवर दुर्बीण नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं. असती तर आठ फुटांवरची वाघीण तिच्यातून नुसता पिवळा धूर दिसली असती, आणि आपल्याला वाचायला काहीच उरलं नसतं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार पुस्तकांत जाऊन बसली. ती तिथेच बरी आहे. पण माझा मामेभाऊ टेक्सासमध्ये राहतो, आणि तिथे हा कायदा लागू नाही.

एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. सेवानिवृत्त शेजाऱ्याने काढून टाकलेली .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची रायफल याने घेतली होती. ती त्याने फोनसमोर अशी आडवी धरली, जसं जावळाच्या वेळी बाळ धरतात.

"दादा, आता हिच्यावर दुर्बीण बघतोय. चार ते सोळा पट, पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं. पाचशे यार्डांवरचं हरीण अंगणात उभं राहिल्यासारखं दिसतं."

"अरे, पण हरणासाठी घेतलीस का ही?"

"छे! हरणासाठी आहे ना दुसरी."

"मग ही कशासाठी?"

त्यावर तो गप्प झाला. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "भाऊजी, ही रेडा मारण्यासाठी आहे म्हणे. आफ्रिकेतला. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तरी हे गाडी थांबवून त्याला वाट देतात."

तिचं म्हणणं खरं होतं. पण अमेरिकेत अशा कितीतरी दांडग्या रायफली आफ्रिकेचं तोंड न पाहता कपाटात म्हाताऱ्या होतात. वर्षातून कधीतरी त्या नेमबाजीच्या मैदानावर जातात, कागदाला भोकं पाडतात आणि मालकाचा खांदा काळानिळा करून घरी येतात. हौसेला मोल नसतं, तसा उपयोगही नसतो. त्यामुळे मी उपयोगाचा विषय सोडला आणि दुर्बिणीकडे वळलो.

आधी ही रायफल काय चीज आहे ते सांगायला हवं. .३७५ चं काडतूस लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये काढलं. गोळी एकोणीस-साडेएकोणीस ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या आसपास. आफ्रिकेतल्या काही देशांत हत्ती-रेड्यांसारख्या जनावरांसाठी यापेक्षा लहान काडतूस चालतच नाही. तिच्यावरची पायरी म्हणजे १९५६ ची .४५८ विंचेस्टर मॅग्नम. तिची गोळी बत्तीस ग्रॅमची. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ करतो; .४५८ वाल्याला तो खांद्याने शिकावा लागतो. चार किलोंची रायफल क्षणभर ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या वेगाने मागे येते. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्याला आपण उगाच नावं ठेवतो. बंदूक ही असेल तर तोच खरा शहाणा.

खांद्याचं एक वेळ ठीक आहे, त्याला मांस असतं. पण रायफल मागे येते तेव्हा तिच्यावरची दुर्बीणही मागे येते, आणि दुर्बिणीच्या मागच्या कडेसमोर असते नेमबाजाची भुवई. भुवईला मांस नसतं. कातडी आणि लगेच हाड. त्यामुळे चुकीची दुर्बीण लावून बार काढणाऱ्याच्या उजव्या डोळ्यावर एक स्वच्छ, कंपासने काढल्यासारखा अर्धगोल काप उमटतो आणि रक्ताची धार नाकापर्यंत येते. तिकडच्या शिकाऱ्यांत याला 'स्कोपचा चावा' म्हणतात. अर्धचंद्र आपल्याकडे मानेला मिळतो, तिकडे कपाळाला. अपमान सारखाच, टाके जास्तीचे. मामेभाऊ सांगत होता, त्यांच्या मैदानावर हा व्रण कपाळी वागवणारे बरेच आजोबा आहेत. तो व्रण कसा आला, हे विचारलं की ते हवामानाबद्दल बोलायला लागतात.

आता इथे माझं ठाम मत येतं. दांडग्या रायफलीच्या दुर्बिणीत सगळ्यांत मोलाची वस्तू दुर्बिणीच्या बाहेर असते. ती म्हणजे मागचं भिंग आणि डोळा यांच्यामधली मोकळी हवा. तिकडे तिला आय रिलीफ म्हणतात. प्रत्येक दुर्बिणीचं चित्र एका ठराविक अंतरावरूनच पूर्ण दिसतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे डोळा गेला की कडेने काळोख पसरतो. साध्या रायफलीच्या दुर्बिणीत हे अंतर तीन-साडेतीन इंच असतं. .३७५ आणि त्यावरच्या रायफलींना चार इंच तरी हवं, जास्त मिळालं तर देवाची कृपा. यातही एक मेख आहे. पट बदलणाऱ्या पुष्कळ दुर्बिणींत पट वाढवली की हे अंतर घटतं. म्हणजे दूरचं जवळ आणताना दुर्बीण स्वतःही हळूच जवळ येते. शिवाय चढावरच्या जनावरावर नेम धरला, किंवा पालथं पडून धरला, की मान आपोआप पुढे जाते आणि हातचा अर्धा इंच तिथे खर्ची पडतो.

जाहिरातीत ही गोष्ट कुठे असते? तळाशी, बारीक अक्षरांत, वजनाच्या आणि लांबीच्या शेजारी. वर ठळक काय, तर सोळा पट! पन्नास मिलिमीटर! मोकळ्या हवेची जाहिरात कोण करणार? तिचा फोटोही येत नाही.

मामेभावाला पटेना. त्याचं म्हणणं, जास्त पट असली तर बिघडलं काय, हवी तेव्हा कमी करता येते. हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण रानरेडा काही पाचशे यार्डांवर मारत नाहीत. झाडोऱ्यात, पन्नास-शंभर मीटरच्या आत, बऱ्याचदा त्याहूनही जवळ तो गाठावा लागतो, आणि जखमी झाला तर तो स्वतःच अंतर कमी करतो. अशा वेळी दुर्बिणीत रेड्याचा खांदा कुठे, पाय कुठे, पलीकडे दुसरा रेडा उभा आहे का, हे एका नजरेत कळायला हवं. एक पटीवर शंभर मीटरवर तीसेक मीटर रुंदीचा पट्टा दिसतो; सोळा पटीवर दोन-अडीच मीटरचा. सोळावर ठेवलेली दुर्बीण घाईत खांद्याला लावली तर दिसतं नुसतं काळं कातडं. ते रेड्याचं कुठलं, हे शोधेपर्यंत रेड्याने तुमचं कुठलं ते शोधलेलं असतं.

म्हणून जुने जाणते सांगतात, एक ते चार पट, फार तर दीड ते सहा. कमी पटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आहे हेच विसरायला होतं.

पन्नास मिलिमीटरच्या भिंगाचीही तीच गत. मोठं भिंग म्हणजे जास्त उजेड, असा समज आहे. अर्धवट खरा आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं, की मागून डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. वीस मिलिमीटरच्या भिंगाला चार पटीवर पाच मिलिमीटरचा झोत. पन्नासच्या भिंगाला चार पटीवर साडेबारा मिलिमीटरचा. आणि माणसाच्या डोळ्याची बाहुली मिट्ट काळोखात, तीही तरुणपणी, उघडून उघडून सात मिलिमीटर. उरलेले साडेपाच मिलिमीटर भुवईवर आणि गालावर सांडतात, आणि त्यांचे पैसे मात्र आपण मोजलेले असतात. वर मोठं भिंग नळीला घासू नये म्हणून दुर्बीण उंच बसवावी लागते. उंच बसली की गाल दस्त्यावर टेकत नाही. गाल अधांतरी राहिला की डोकं सैल राहतं, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. वीस-चोवीस मिलिमीटरची सरळसोट नळकांड्यासारखी दुर्बीण दिसायला अगदी गरीब दिसते, पण ती नळीला चिकटून खाली बसते.

दुर्बिणीतली फुली जाड हवी. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण दुकानात सगळ्यांना बारीक फुली आवडते. संध्याकाळच्या वेळी काळ्या झाडोऱ्यात उभ्या काळ्या रेड्याच्या काळ्या अंगावर केसासारखी काळी रेघ शोधून बघा. जर्मन लोकांनी यावर फार जुना तोडगा काढलेला आहे: खालून आणि दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या, मध्ये तेवढी बारीक फुली. मधली फुली हरवली तरी पट्ट्या बोट दाखवतात. त्याला ते 'नंबर ४' म्हणतात. इतक्या उपयोगी वस्तूला इतकं रुक्ष नाव जर्मनच देऊ जाणे.

हे सगळं जमलं तरी दुर्बीण जागेवर टिकायला हवी. अर्ध्या किलोची दुर्बीण. पण बार उडतो त्या सहस्रांश सेकंदापुरता तिच्यावरचा जोर तिच्या वजनाच्या काही शेपट होतो. म्हणजे रायफल झटक्यात मागे निघून जाते आणि क्विंटल-दोन क्विंटलच्या हट्टाने दुर्बीण जागीच थांबू बघते. हा हट्ट पेलतात चार बारके स्क्रू. अमेरिकन रायफलींवर दुर्बिणीच्या बैठकीसाठी पूर्वापार ६-४८ मापाचे स्क्रू असतात. दांडग्या रायफलींसाठी तिथले बंदूक-कारागीर भोकं मोठी करून ८-४० चे जाड स्क्रू बसवतात. मामेभाऊ दुर्बिणीसाठी हजार डॉलर मोजायला तयार होता आणि तिला धरून ठेवणाऱ्या कड्या मात्र स्वस्तातल्या घेणार होता. हे मला अगदी आपल्याकडचं वाटलं. कड्या पोलादी घ्याव्यात, स्क्रू मोजून आवळावेत, आटे सुटू नयेत म्हणून निळ्या लॉकटाइटचा थेंब द्यावा. उगाच मनगटाचा जोर दाखवून आवळले तर दुर्बिणीची नळीच चेपते, मग तिचा पट बदलणारा भाग अडकतो आणि माणूस कंपनीला शिव्या घालत बसतो.

जुन्या काळी या दुर्बिणीच्या हट्टाला वळण लावायच्या भानगडीत काही कारागीर पडलेच नाहीत. पिट्सबर्गच्या जॉन उनर्टलच्या लांबलचक दुर्बिणी कड्यांतून सरकत्या असायच्या. बार उडाला की रायफल मागे यायची, दुर्बीण जिथल्या तिथे, म्हणजे रायफलीच्या हिशेबाने इंचभर पुढे. नेमबाज शांतपणे तिला मागे ओढून घ्यायचा आणि पुढचा बार भरायचा. निशाणबाजीच्या स्पर्धेत हे चालतं. रेड्यापुढे कोण थांबणार?

काचेच्या आत धुकं धरणं हा दुसरा छळ. ओरेगॉनमधली ल्युपोल्ड ही कंपनी १९०७ मध्ये सुरू झाली ती जमीनमोजणीची यंत्रं दुरुस्त करण्यासाठी. पुढे मार्कस ल्युपोल्ड शिकारीला गेले, हरीण समोर आलं आणि दुर्बिणीच्या आत दव धरल्यामुळे हातचं गेलं. चिडून त्यांनी स्वतःच दुर्बीण बनवायला घेतली. १९४७ पासून त्यांच्या दुर्बिणी बाजारात आल्या, आणि आत नायट्रोजन भरून धुक्याचा बंदोबस्त करण्याची युक्ती त्यांनी रूढ केली. एका हरणाने वाचता वाचता आपल्या सगळ्या भाऊबंदांचं केवढं नुकसान करून ठेवलं! आता त्याच कंपनीत 'पनिशर' नावाचं यंत्र आहे. दुर्बीण त्याला बांधतात आणि हजारो दणके देतात. ज्या दुर्बिणी शाबूत उतरतात त्यांच्यावर मग विश्वास ठेवतात.

या दणक्यांवरून आठवलं. आपल्याकडे परवान्याशिवाय मिळते ती ठराविक ताकदीच्या आतली .१७७ ची छर्ऱ्याची एअरगन. माझ्याकडे आहे. गच्चीवर तिने मी रिकामे डबे मारतो, आणि खालच्या मजल्यावरचे काका छत्री घेऊन बाहेर पडतात. या गरीब दिसणाऱ्या वस्तूची एक खोड फार थोड्यांना माहीत असते. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, म्हणून बंदूक मागे येते. मग दट्ट्या पुढच्या टोकाला जाऊन आदळतो, की तीच बंदूक पुढे उसळते. एका छर्ऱ्यापायी दोन विरुद्ध दिशांचे हिसके. रायफलीच्या दुर्बिणींची भिंगं पूर्वापार एकाच दिशेचा धक्का सोसायला बांधलेली. त्यामुळे हत्तीच्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीण गच्चीवरच्या एअरगनवर महिन्याभरात खिळखिळी होऊ शकते. मला एका दुकानदाराने "साहेब, मिलिटरीचा माल आहे" म्हणून दुर्बीण गळ्यात मारली होती. तिची फुली पहिल्या पावसाळ्यापर्यंत गुणाकाराच्या चिन्हासारखी तिरकी झाली. मी ती काढून ठेवली आणि नळीवरच्या साध्या साईटवर आलो. डबे पूर्वीइतकेच पडतात.

दुर्बिणीविना काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्या घरातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा त्याच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत ती चालतच नाही. बारीक भोकाची मागची साईट आणि पुढचं कडं, एवढ्यावर काम. अर्थात ती .२२ ची रायफल. तिचा धक्का मुंगी चावल्याइतकाही नसतो. पण हे मी मामेभावाला ऐकवलं नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला साईटचा मणी आणि समोरचं लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. त्याला दुर्बीण लागते ती रेडा मोठा दिसावा म्हणून नव्हे, तर रेडा आणि फुली एकाच वेळी दिसावेत म्हणून. चाळिशीचा चष्मा आणि दांडग्या रायफलीची दुर्बीण यांचं कारण एकच आहे. तेवढं काम एक पटीतही होतं.

अखेर तो माझ्या वाटेवर आला. माझ्यामुळे नव्हे, मैदानावरच्या एका आजोबांच्या कपाळामुळे. एक ते चार पट, वीस मिलिमीटर, चार इंचांहून थोडी जास्त मोकळी हवा. तिच्याबरोबर झटक्यात काढता येणाऱ्या कड्याही घेतल्या. जखमी जनावराच्या मागे दाट झाडीत शिरायची वेळ आली तर दुर्बीण काढून खिशात टाकावी आणि नुसत्या साईटवर जावं, अशी आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांची रीत आहे. टेक्सासच्या मैदानावर कागदाच्या मागे झाडीत शिरायचा प्रसंग येत नाही, पण असू द्यावं.

दुर्बीण बसवली त्या दिवशी पुन्हा फोन. मी सांगत होतो, तो करत होता. कड्या अर्धवट सैल. आधी रायफल रिकामी आहे ना ते त्याने उघडून दाखवलं, मग बायकोलाही दाखवलं. मग डोळे घट्ट मिटून रायफल खांद्याला लावली, गाल जिथे आपोआप टेकतो तिथे टेकू दिला, आणि मगच डोळे उघडले. डोळे उघडे ठेवून लावली तर मान खोटं बोलते. चित्र दिसावं म्हणून ती पुढे-मागे होते आणि आपल्याला कळतही नाही.

"काय दिसतं?"

"डावीकडे काळी कोर आहे."

"अरे, ती डोकं तिरकं असल्यामुळे. नीट धर. आता?"

"आता सगळीकडून काळी कड."

"मग दुर्बीण पुढे सरकव. थोडी. पुन्हा डोळे मिट."

हे बराच वेळ चाललं. त्याची बायको मध्येच म्हणाली, "भाऊजी, यांना डोळे मिटून गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघतेय." शेवटी एकदा त्याने डोळे उघडले आणि काळोखाचा मागमूस नसलेला, काठोकाठ भरलेला गोल दिसला. त्यात समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर होतं. तिथून त्याने दुर्बीण आणखी एक नख पुढे सरकवली. ही माझी सूचना. थंडीत अंगावर जाड जाकीट असलं तर रायफल खांद्यापासून थोडी पुढे राहते खरी, पण टेक्सासच्या उन्हात ती बनियनवर टेकते, आणि भुवईला दोन्ही ऋतूंत सारखंच लागतं.

त्याचं कपाळ अजून कोरं आहे. रेडाही आफ्रिकेत सुखरूप आहे.

तुमच्या नात्यागोत्यात कोणी परदेशात असली रायफल घेऊन बसला असेल, आणि विचारायला तुमच्याकडे आला, तर एवढंच सांगा: पट चारपर्यंत, भिंग वीस-चोवीसचं, फुली जाड, कड्या पोलादी, आणि डोळ्यापासून चार इंच. उरतील ते पैसे काडतुसांत घाल म्हणावं, कारण ही रायफल आठवड्याला थोडी थोडी झाडल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. आणि दुकानदाराने सोळा पटीची पुढे केलीच, तर तिच्यातून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर वाचून घ्यावेत, छान आहे म्हणावं आणि परत द्यावी.